धुळ्यात ऑफिसलाही आणि मुरमाच्या वाटेलाही एकच बाईक: ड्युअल-स्पोर्ट घेताना काय पाहायचं?

देवपूरमध्ये राहणारा एखादा तरुण रोज सकाळी पांझरा ओलांडून अवधान एमआयडीसीत कामाला जातो. सहा दिवस महामार्ग, सर्व्हिस रोड आणि ट्रकमागचा धूर. सातव्या दिवशी त्याला साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यांवर किंवा शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी फिरायचं असतं. दोन गाड्या घेण्याइतके पैसे नसतात. मग एकाच गाडीत दोन्ही कामं भागतील का, याचा शोध सुरू होतो आणि 'ड्युअल-स्पोर्ट' हा शब्द समोर येतो.

हा प्रश्न फक्त हौशी लोकांचाही नाही. पाड्यावरच्या शाळेत जाणारे शिक्षक, आरोग्य कर्मचारी, दूध गोळा करणारे, बियाणं-खताच्या कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्या रोजच्या प्रवासातच डांबर संपतं आणि गाडवाट सुरू होते. पूर्वी हे काम राजदूतने केलं. पोलंडच्या गाडीवर बेतलेली ही १७३ सीसीची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात आणली आणि खेड्यापाड्यांत ती दूधवाल्यांची गाडी म्हणूनच ओळखली गेली. आता ते काम बहुतेक ठिकाणी स्प्लेंडर करते. त्यामुळे दीड-दोन लाख खर्च करण्याआधी स्प्लेंडरने नेमकं काय जमत नाही, हे पाहणं बरं.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे काय?

रस्त्यावर चालवायला कायदेशीर, म्हणजे हेडलाइट, इंडिकेटर, आरसे आणि नंबर प्लेट असलेली, पण सांगाडा, चाकं आणि सस्पेन्शन कच्च्या वाटेसाठी बनवलेली मोटरसायकल म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ ही २५० सीसीची गाडी आली आणि अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय झाला. भारतात परवडणाऱ्या किमतीत तो आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न हिरोने २०११ मध्ये १५० सीसीच्या इम्पल्सने केला. गाडी चांगली होती, पण ताकद कमी पडली आणि खपही फारसा झाला नाही. मे २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० साधारण एक लाख रुपयांत आली आणि भारतात या प्रकाराला खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक मिळालं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ किंवा १८ इंची, दोन्ही तारांची म्हणजे स्पोकची. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटलेलं नसून बरंच वर. इंजिनाखाली धातूची प्लेट. सस्पेन्शनला भरपूर चाल, म्हणजे खड्ड्यात चाक खाली-वर जायला जास्त जागा. साध्या कम्युटर गाडीत पुढच्या फोर्कला सव्वाशे मिमीच्या आसपास चाल असते, एक्सपल्स २०० ला १९० मिमी आहे.

उंच काच, हातांना गार्ड आणि टाकीवर रंगीत स्टिकर लावले की गाडी ड्युअल-स्पोर्ट होत नाही. २०२१ मध्ये आलेली होंडा सीबी२००एक्स दिसायला साहसी होती, पण तिचा पाया हॉर्नेटचा आणि दोन्ही चाकं १७ इंची अलॉयची होती. रस्त्यासाठी उत्तम, नाल्यातल्या गोट्यांसाठी नाही. शोरूममध्ये जाहिरातीपेक्षा आधी पुढचं चाक बघावं.

काळी माती, काटे आणि फुफाटा

बाईकच्या बहुतेक परीक्षणांत हिमालय, नाहीतर पश्चिम घाटातला पाऊस असतो. खान्देशातली वाट वेगळी आहे, आणि इथे गाडी निवडताना हाच भाग सर्वांत महत्त्वाचा.

पहिली काळी माती. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते. पहिला चांगला पाऊस झाला की टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात आणि टायर गुळगुळीत रूळ होतो. साध्या गाडीत हा चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये दाबून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. पावसाळ्यात शेतात गाडी नेणाऱ्या कुणालाही काडीने चिखल काढत बसल्याचा अनुभव असतो. उंच मडगार्डचा इथे उपयोग होतो, शोभा म्हणून नाही. तरीही ओल्या काळ्या मातीत कुठलीच गाडी शहाणी नसते. तिथे इंजिनाची ताकद नाही, गाडीचं कमी वजन कामाला येतं, कारण शेवटी तिला ढकलावंच लागतं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या कडक होतात. २१ इंची चाक अशा चाकोरीच्या कडेवरून वर चढतं, १७ इंची चाक तिच्यात अडकून गाडी आडवी करतं.

दुसरे काटे. बाभूळ आणि वेडी बाभूळ बांधावर, नाल्यात, पडीक जमिनीत सगळीकडे आहे. शेताला काट्यांचं कुंपण घालतात, गुरांनी शिरू नये म्हणून वाटेवर फांद्या टाकतात आणि त्यातले काटे पाणंद रस्त्यांवर वर्षभर विखुरलेले असतात. धुळ्यातल्या ड्युअल-स्पोर्टवाल्याचं सर्वांत मोठं दुखणं म्हणूनच इंजिन नाही, पंक्चर आहे.

इथे एक पेच आहे. स्पोकचं चाक दगडावर आपटलं तर थोडं वाकतं, तारा आवळून पुन्हा सरळ करता येतं. अलॉयला तडा गेला तर चाक बदलावं लागतं. म्हणून कच्च्या वाटेला स्पोक चांगले. पण स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि ट्यूबमध्ये काटा शिरला की हवा काही मिनिटांत जाते. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून बसतो, हवा हळूहळू गळते आणि घर गाठता येतं. स्पोक असूनही ट्यूबलेस अशी चाकं रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ला पर्याय म्हणून मिळतात, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरच्या २०२५च्या मॉडेललाही आहेत. दोन्ही गाड्या महाग आहेत. स्वस्त ड्युअल-स्पोर्टमध्ये ट्यूबच गृहीत धरावी.

ट्यूब असेल तर दोन गोष्टी हाताशी लागतात. एक, ट्यूबमध्ये घालायचं सीलंट. बारीक काट्याची भोकं ते बंद करतं, मोठा खिळा मात्र त्याच्या आवाक्यात नाही. दुसरी, सोबत एक स्पेअर ट्यूब, आणि ती २१ इंची. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे १८ इंची ट्यूब मिळते, कारण स्प्लेंडरची चाकं तेवढीच आहेत. २१ इंची ट्यूब मात्र साक्रीच्या पुढे कुणी ठेवलेली असेलच असं नाही. २१ इंची ट्यूब अडीअडचणीला मागच्या चाकातही बसवून घरापर्यंत येता येतं, उलट मात्र जमत नाही. टायर खोलायचे दोन लिव्हर आणि हातपंप घेतला तर ते ओझं दीड-दोन किलोच्या वर जात नाही. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात अंगणात एकदा चाक खोलून पाहावं. पहिला प्रयत्न भर उन्हात, नाल्यात, मोबाइलला रेंज नसताना करायची वेळ येऊ नये.

तिसरा फुफाटा, म्हणजे पायाखाली पिठासारखी उडणारी धूळ. एअर फिल्टर जाम झाला की गाडी दम खाते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. सर्व्हिसच्या वेळापत्रकात लिहिलेली किलोमीटरची मर्यादा डांबरी रस्त्यासाठी असते. दर रविवारी कच्च्यावर जाणाऱ्याने फिल्टर निम्म्या अंतरावरच उघडून पाहावा. चेनला तेल लावून धुळीत नेली तर ती पॉलिशपेपरसारखी घासते, त्यामुळे फेरीनंतर आधी पुसणं आणि मग तेल.

उष्णतेचंही थोडं. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने चढ चढताना तो मिळत नाही. एक्सपल्स २०० ला त्यासाठी ऑइल कूलर आहे. एक्सपल्स २१०, हिमालयन ४५० आणि केटीएमला रेडिएटर आहेत. रेडिएटर जास्त चांगला, पण उडालेला दगड त्याला लागला तर प्रवास तिथेच संपतो, म्हणून पुढे जाळी हवीच. उन्हाळ्यात खरा उपाय पहाटे पाचला निघून दहाच्या आत परत येणं हाच आहे.

वजन: पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का?

कच्च्या वाटेवर गाडी पडते. चालवणारा नवशिका असेल तर फेरीत दोन-तीनदा पडते. म्हणून माहितीपत्रकात आधी वजन पाहावं, सीसी नंतर. एक्सपल्स २०० साधारण १५८ किलो, एक्सपल्स २१० सुमारे १७० किलो, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो, हिमालयन ४५० चक्क १९६ किलो. कावासाकी केएलएक्स २३० यांच्यात सर्वांत हलकी, १३९ किलो.

१५८ आणि १९६ मधला ३८ किलोंचा फरक कागदावर फार वाटत नाही. नदीच्या वाळूत ती गाडी तिसऱ्यांदा उचलताना तो कळतो. उचलण्याची पद्धत अशी: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडल जमिनीच्या बाजूला वळवलेलं. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवायचा, म्हणजे ती उभी होऊन पलीकडे कोसळत नाही. मग गाडीकडे पाठ करून, सीटला टेकून, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या पकडीला धरून पायांच्या जोराने मागे रेटायचं. कंबर वाकवून ओढलं तर गाडी उठत नाही, कंबर मात्र जाते. घेण्याआधी मित्राची तशीच गाडी मऊ जमिनीवर आडवी घालून एकदा एकट्याने उचलून पाहिली, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. (मित्राची परवानगी घेऊन.)

सीटची उंची हा दुसरा निकष. एक्सपल्स २०० ची ८२३ मिमी, २१० ची ८३० मिमी, हिमालयन ४५० ची ८२५ मिमी, ती ८४५ पर्यंत वाढवता येते. साडेपाच फुटांच्या माणसाचा एक पाय यांवर नीट टेकतो, दोन्ही पायांच्या फक्त पुढच्या टाचा, म्हणजे चवडे. एवढं पुरतं. पण एक्सपल्स २०० ४व्ही प्रोची सीट ८९१ मिमी आणि केएलएक्स २३० ची ८८० मिमी आहे. वाटेवर त्या उत्तम असल्या, तरी पाचकंदील भागातल्या बाजाराच्या गर्दीत, मागे पिशव्या घेऊन बसलेलं माणूस असताना दर वीस फुटांवर थांबायचं आहे, हेही लक्षात घ्यावं. ड्युअल-स्पोर्टची सीट तशीही अरुंद आणि कडक असते. घरात दुसरी गाडी नसेल तर मागे बसणाऱ्या व्यक्तीला शोरूममध्ये सोबत नेलेलं चांगलं, नाहीतर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मग कोणती?

रोजचं अंतर शहरापुरतं किंवा वीस-पंचवीस किलोमीटर आणि रविवारी खरोखर कच्च्या वाटा असतील, तर एक्सपल्स २०० ४व्ही हा अजूनही सर्वांत समजूतदार पर्याय वाटतो. १९ पीएसची ताकद, साधं इंजिन, हिरोचं सर्व्हिस जाळं तालुक्यापर्यंत. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि कच्च्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू देता येणं उपयोगाचंच असतं. तिची मर्यादा महामार्गावर दिसते. ८०-८५ च्या वेगापर्यंत ती निवांत, त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं.

रोज धुळे ते शिरपूर किंवा साक्री, म्हणजे जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर महामार्ग असेल तर हे ओरडणं रोज ऐकावं लागेल. अशा माणसासाठी जानेवारी २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० जास्त योग्य. ताकद २४.६ पीएस, सहावा गिअर आणि २१० मिमी चालीचा पुढचा फोर्क. कच्चा भाग फक्त मुरमाच्या रस्त्यापुरताच असेल, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्सचाही विचार करावा. तिचं पुढचं चाक १९ इंची अलॉयचं, टायर ट्यूबलेस आणि २५० सीसीचं इंजिन महामार्गावर फार गुळगुळीत. काट्यांच्या बाबतीत ती या सगळ्यांत सोपी, गोट्यांच्या नाल्यात मात्र मागे पडते.

हिमालयन ४५० लांबच्या प्रवासाची गाडी आहे. ४० पीएस, १७ लिटरची टाकी, सामान बांधून स्पितीला जायचं तर तीच. फक्त लळिंग आणि सोनगीरच्या परिसरात फिरायला ती जड आणि खर्चिक पडते. केटीएम ३९० एन्ड्युरो आर आणि केएलएक्स २३० दुसऱ्या टोकाला आहेत. वाटेवर दोन्ही मजेदार, पण टाकी अनुक्रमे ९ आणि ७.६ लिटरची. या गाड्यांचं सर्व्हिस सेंटर आपल्या घरापासून किती लांब आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

पैशांचा हिशेब किमतीवर थांबत नाही. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणं आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर लिटरला ६० देणाऱ्या स्प्लेंडरला साधारण १,७५० रुपये लागतात. ३८ च्या आसपास देणाऱ्या एक्सपल्सला २,७५० आणि २८ देणाऱ्या ४५० सीसीच्या गाडीला ३,७५०. म्हणजे स्प्लेंडर सोडून मोठी गाडी घेतली तर वर्षाला चोवीस हजारांचा फरक फक्त पेट्रोलचा. त्यात कराची रेषा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्क्यांचा दर लागला. ३५० सीसीच्या आतच राहण्याचं आता हे एक जास्तीचं कारण.

हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि हातमोजे यांसाठी दहा-पंधरा हजार बाजूला ठेवून मग गाडीचं बजेट ठरवावं. मोठी गाडी आणि पायात चप्पल हे दृश्य धुळ्यात नवं नाही. दगडावर पडल्यावर मोडतो तो घोटाच.

आणि हो, वाट फक्त शेतापर्यंतच जाते, वर्षातून दोनदाच डोंगर दिसतो, असं असेल तर आहे त्या गाडीला चांगल्या खाचांचे टायर टाकणं पुरेसं आहे. दोन-तीन हजारांत काम होतं.

कुठे फिरायचं, कुठे नाही

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रुंद रस्ते नवशिक्यांना सरावाला सोपे आहेत. ते देखभालीसाठी केलेले आहेत, तेव्हा सुरक्षा रक्षकाने नाही म्हटलं तर परत फिरावं. पश्चिमेकडे आमळी, अलालदरीच्या बाजूला चढ-उतार आणि पावसाळ्यात घसरडे दगड मिळतात. लळिंग, सोनगीर, भामेर या किल्ल्यांवर गाडी चढवायची नसते. पायथ्याला लावून पायी जायचं.

जंगलाचा नियम वेगळा आहे. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, जळगाव जिल्ह्यातलं यावल, चाळीसगावजवळचं गौताळा-औट्रमघाट इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. गुगल मॅपवर रस्ता दिसतो म्हणून तो सार्वजनिक आहे असं नाही. पाणंद रस्त्यावर उभ्या पिकाच्या कडेने जाताना वेग कमी ठेवणं हा कायदा नसला तरी पुढच्या वेळी शेतकरी वाट अडवणार नाही याची सोय आहे.

पावसाळ्यात बुराई, पांझरा, अरुणावती या नद्यांवरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, ती कितीही उंच असली तरी. वाहतं पाणी चाकाला बाजूने ढकलतं आणि गढुळात फरशीची कड दिसत नाही.

विमा काढताना एक ओळ वाचावी. शर्यत आणि वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान मोटर विम्यात धरलं जात नाही. रविवारी मित्रांनी दोरी लावून ठेवलेली छोटी स्पर्धासुद्धा त्यात येऊ शकते.

जुनी घेताना

वापरलेली एक्सपल्स बाजारात सहज मिळते आणि पहिली ड्युअल-स्पोर्ट म्हणून ती वाईट नाही, कारण पडणार ती नक्की. पाहायचं ते असं: गाडी सेंटर स्टँडवर किंवा ठोकळ्यावर उचलून दोन्ही चाकं फिरवावी, चाक आऊट असेल तर लगेच दिसतं. हँडल हळू डावी-उजवीकडे वळवावं, मध्ये अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा म्हणजे ऑइल सील गेलं. इंजिनाखालच्या प्लेटवर खरचटलेलं असणं ठीक, खोलवर चेपलेली असेल तर इंजिनाच्या तळाशी तेल गळतंय का ते पाहावं. एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगावं. आत, फिल्टरच्या पलीकडे धूळ दिसली तर किलोमीटर कितीही कमी असले तरी ती गाडी सोडून द्यावी. धूळ तिथवर गेली म्हणजे इंजिनातही गेली आहे, आणि तिचं काम करायला लागणारा खर्च मालकाने किमतीतून कधीच वजा केलेला नसतो.